कपाटातला बुरा: पुसायच्या आधी भिंतीला हात लावून बघा

गौरी यायच्या आदल्या दिवशी कपाटातनं साडी काढावी आणि घडीवर पांढरट-हिरवट ठिपके दिसावेत, वर तो कुबट वास, म्हणजे बुरा (बुरशी) लागलेला, हे ज्यांच्या घरी कधी झालं नाही त्यांनी हे वाचू नका. पण कोल्हापुरात असं घर मला तरी अजून भेटलेलं नाही.

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, काळ्या दगडाचा पाया आणि वर विटा, कपाटं भिंतीतलीच. म्हणजे पाठीला फळी वगैरे काही नाही, कपाटाची पाठ म्हणजेच घराची पश्चिमेची भिंत. आपल्याकडं पाऊस येतो तो गगनबावड्याच्या अंगानं, वाऱ्याबरोबर तिरका, आणि तो सगळा पहिल्यांदा या भिंतीवर आपटतो. मृग निघाला की भिंत पाणी प्यायला लागते आणि तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्याचा पाऊस) संपेपर्यंत अशी भिजलेली असते की हात लावला तर गारठा जाणवतो. आणि त्याच कपाटात आमच्या आत्तींनी (सासूबाई हो) लग्नातल्या साड्या, घोंगडी, नातवंडांच्या बारशाची झबली, सगळं चाळीस वर्षं जपून ठेवलेलं. जपून म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. तिथनंच सगळी गोची सुरू होते.

मी लग्न होऊन आल्यावर पहिली चार-पाच वर्षं दर दसऱ्याला तेच करत होते. घट बसायच्या आधी सगळं घर धुवायचं, वाकळा-चादरी पंचगंगेवर न्यायच्या, कपाट ओल्या फडक्यानं पुसायचं, नव्या डांबर गोळ्या टाकायच्या, वाटीत खडे मीठ ठेवायचं आणि दार लावायचं. पुढच्या गौरीला परत बुरा हजर. मग नीट डोकं लावलं, थोडं वाचलं, बरंच चुकलं, आणि आता तीन पावसाळे बऱ्यापैकी सुखात गेलेत, म्हणून लिहितेय.

आधी ते मीठ आणि गोळ्यांचं मिटवू. डांबर गोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला हे सगळं कसर आणि किड्यांसाठी आहे. बुरशी म्हणजे किडा नव्हे. तिचे बीजाणू हवेत कायम असतातच, तुमच्या-माझ्या घरात आत्ता या घडीला आहेत, त्यांना फक्त ओल मिळायची खोटी असते. कापसाचं कापड, कातडं, कागद, प्लायवुड, साडीची खळ, शर्टाच्या कॉलरवरचा घाम, सगळं त्यांचं खाणं. गोळीचा वास बुऱ्याचा वास झाकतो एवढंच. आणि मिठाचं म्हणाल तर शुद्ध मीठ हवेतलं पाणी धरायला लागतं ते दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर, आणि बुरशीला मात्र ६५-७० टक्के बराच काळ सलग मिळाले तरी भागतं. म्हणजे तुमच्या मिठाला जाग येईपर्यंत बुऱ्याचा संसार थाटून झालेला असतो! हां, मिठाचा उपयोग एक आहे, चाचणी म्हणून. स्वयंपाकघरातलं मीठ चिकचिकीत झालं, गुळाची ढेप पाझरायला लागली, की समजायचं आता कपाट उघडून बघायची वेळ झाली.

आता खरं काम, ओल येते कुठनं ते शोधणं. हे न करता नुसतं पुसत बसलात तर माझ्यासारखी पाच वर्षं जातील. पहिल्यांदा बघायचं की भिंतीवर दिसतंय ते नक्की बुराच आहे का. जुन्या भिंतीला लोणा लागतो, पांढरी पावडर फुटते, तो क्षार असतो, विटेतनं पाण्याबरोबर बाहेर आलेला. त्यावर थोडं पाणी मारा, लोणा विरघळून जातो, बुरा विरघळत नाही. लोणा असेल तर तो स्वतः कपडे खराब करणार नाही पण भिंतीतनं पाणी येतंय याची ती पक्की खूण.

दुसरी चाचणी मला लै आवडते कारण खर्च शून्य. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, भिंतीचा तो भाग आधी फडक्यानं कोरडा करा, प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. मग बघा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला असले तर पाणी भिंतीतनं येतंय. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असले तर खोलीतल्या हवेतच दमटपणा जास्त आहे आणि तो गार भिंतीवर बसतोय. दोन्हीवर उपाय वेगळे. पहिल्यात गवंडी लागतो, दुसऱ्यात तुमच्या सवयी. आमच्याकडं दोन्हीकडं थेंब होते, म्हणजे जॅकपॉटच.

भिंतीतनं येत असेल तर बाहेरनं बघा. गच्चीचं पाणी काढणारा पाईप फुटलाय का, पन्हाळी तुंबलीय का, पलीकडं बाथरूम आहे का, भिंतीला टेकून कुणी मातीचा ढीग किंवा कुंड्या लावल्यात का (आमच्याकडं कुंड्या होत्या, आत्तींची जास्वंद आणि तुळस, त्यावरनं घरात आठवडाभर शांतता होती). आणि एक कळकळीनं सांगते, आतनं पुट्टी आणि ऑइलपेंट मारून ओल झाकू नका. आम्ही एका कॉन्ट्रॅक्टरचं ऐकून मारली होती, मे महिन्यात चकाचक दिसत होतं आणि ऑगस्टात पापुद्रे सुटून साड्यांवर पडले. पाणी बाहेरनं येतंय तर ते बाहेरनंच थांबवायला पाहिजे, भेगा बुजवून, बाहेरनं वॉटरप्रूफिंग करून, आणि ते पण मे महिन्यात, भिंत खणखणीत वाळलेली असताना. भर पावसात कुणी करून देतो म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या.

आता साफसफाई. ही उघडीप बघून करायची, दोन दिवस सलग ऊन पडेल असं वाटलं की. तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, आणि घरात कुणाला दमा असेल किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना त्या दिवशी शेजारी पाठवा, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही, बुरा झटकला की बीजाणू धुरळ्यासारखे उडतात. त्यामुळं पंखा बंद, आणि कपडे खोलीत झटकायचे अजिबात नाहीत. मोठ्या पिशवीत भरून, तोंड बांधून थेट गच्चीवर न्यायचे आणि तिथं वारा येतो त्या बाजूला पाठ करून झटकायचे. मी पहिल्या वर्षी बेडवरच ढीग घालून झटकत बसले होते आणि मग सगळ्या घराला शिंका.

रोजचे सुती कपडे, चादरी, पडदे यांचं सोपं आहे. पावडर टाकून गरम पाण्यात भिजवा, कापड आणि रंग सोसत असेल तर ६० डिग्रीला मशीनमध्ये लावा, आणि मग कडक उन्हात. वास जात नसेल तर बादलीभर पाण्यात कपभर पांढरा व्हिनेगर टाकून अर्धा-एक तास बुडवून ठेवा, मग परत साध्या पाण्यातनं काढा. पांढऱ्यावर डाग राहिला तर लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकायची आज्जीची पद्धत चालते, काळे ठिपके मात्र बऱ्याचदा पूर्ण जात नाहीत, ते स्वीकारायचं. डाग राहिला म्हणजे बुरा जिवंत आहे असं नव्हे.

वाकळेची गोष्ट वेगळी. आत जुन्या लुगड्यांचे थर असतात, वरनं वाळली वाटते आणि आत ओली असते, आणि तशीच घडी घालून ठेवली की आतनं सडते. दोन दिवस उन्हात, दोन्ही बाजूंनी, मधे मधे पलटत, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. घोंगडी गरम पाण्यात घालू नका, आटते. नुसती उन्हात टाकून काठीनं बडवा, मऊ ब्रश मारा.

रेशमी साड्या, पैठण्या, जरीचं काहीही असेल तर व्हिनेगर नाही, लिंबू नाही, ब्लीच तर नाहीच नाही, कडक ऊन पण नाही. सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर जुनी सुती चादर घालून तिच्यावर साडी पसरा. पूर्ण कोरडी झाली की मगच मऊ ब्रशनं किंवा मलमलच्या फडक्यानं हलक्या हातानं ठिपके झाडायचे, ओली असताना घासलं तर बुरा धाग्यात शिरतो. मग ड्रायक्लीनला द्या आणि देताना स्पष्ट सांगा की बुरशीचा डाग आहे, म्हणजे तो बाकी कपड्यांबरोबर ढकलणार नाही. परत आल्यावर त्यांच्या प्लास्टिकमधनं लगेच बाहेर काढा. साडी ठेवायची ती धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालायची, नाहीतर घडीवरच फाटते.

चप्पल. हे आपलं गावाचं दुखणं. कोल्हापुरी चप्पल पावसात कुणी घालत नाही, चार महिने कपाटात किंवा खोक्यात, आणि तिचं कातडं बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं, ओल पटकन ओढून घेणारं. बाहेर काढली की अंगठ्यापासनं टाचेपर्यंत पांढरी लोकर. पाण्यानं धुऊ नका! गच्चीवर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, वेण्यांच्या खाचांत जुना टूथब्रश. मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तितकंच पाणी मिसळून फडकं त्यात भिजवा, घट्ट पिळा आणि पुसा, आधी तळाला एका कोपऱ्यात रंग जातोय का बघून. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळं जवळ गॅस, उदबत्ती काही नको. सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हात टाकली तर कातडं तडकतं. अगदी शेवटी, पूर्ण वाळल्यावर, एरंडेलाचं बोट फिरवल्यासारखं करायचं. थापायचं नाही, जास्तीचं तेल म्हणजे बुऱ्याला परत जेवणाचं ताट. लेदरची पर्स, पट्टा, जॅकेट सगळ्याला हीच पद्धत, फक्त स्वेडला (मखमलीसारख्या लवेच्या कातड्याला) ओलं फडकं लावू नका. पर्सच्या आत कोरडा कागद कोंबून ठेवा, आणि महिन्यानं तो कागद बदला.

कागदपत्रं, म्हणजे सातबारे, दाखले, जुन्या वह्या, पुस्तकं. आधी वाळवायचं, पंख्याखाली किंवा सावलीत, पानं उघडी करून मधे मधे कोरे कोरडे कागद घालून. छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते. वाळलं की गच्चीवर मऊ ब्रशनं, मधनं बाहेरच्या बाजूला झाडायचं. जुन्या फोटोंना मात्र हात लावताना दहादा विचार करा, फोटोच्या वरच्या थरात जिलेटीन असतं आणि बुरशी तेच खाते, ओल्या फडक्यानं पुसलंत तर चेहराच पुसला जाईल. कोरडं करा, मोबाईलवर चांगला फोटो काढून ठेवा, मग पुढचं. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. कॅमेऱ्याच्या लेन्सला पण बुरा येतो, जाळीसारखा, आणि तो काच कायमची खरवडतो, लेन्स आधीपासनंच हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून ठेवायची.

महापुरात बुडालेल्या सामानाला यातलं काही लागू करू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे इथल्या पोरालाही पाठ असतं, तर ते पाणी घरात शिरलं तर त्यात गटाराचं पाणी असतं. गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवुड टाकून द्यायचं. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांत बुरा धरू शकतो, पाणी ओसरल्यावर विचार करत बसायला तेवढाच वेळ असतो.

कपाट रिकामं झालं की ते धुवायचं. लोखंडी तिजोरी असेल तर साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग स्पिरिट, झालं. लाकूड आणि प्लायवुडला पाणी ओतू नका, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, पंखा लावून दोन दिवस दारं उघडी ठेवा, मग स्पिरिट. बऱ्याच जणी ब्लीच मारतात, टाइलवर ते ठीक, पण लाकडात ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि औषध वरच राहतं. आणि ब्लीच कधीही व्हिनेगर, ॲसिडवालं बाथरूम क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळू नका, विषारी वायू होतो, छोट्या खोलीत जीवावर बेततं. नुसता बुरा मारून पण भागत नाही, मेलेल्या बुऱ्यानंही शिंका-खोकला होतो, तो पुसून घराबाहेर गेला पाहिजे, फडकी सुद्धा.

आता परत येऊ नये म्हणून. सगळ्यात मोठा चोर म्हणजे आपणच, अर्धवट वाळलेले कपडे. मशीनमधनं पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं, आणि रिपरिप लागली की आपण ते कुठं वाळत घालतो? कपाट असलेल्या खोलीतच, खिडक्या लावून. ते पाणी कुठं जातं सांगा. शक्य असेल तर एकच खोली किंवा व्हरांडा त्यासाठी ठरवा, तिथं पंखा आणि एक खिडकी उघडी, आणि कपाटाच्या खोलीचं दार बंद. गॅसची शेगडी पेटवून कपडे वाळवायचं खूळ सोडा, गॅस जळताना त्यातनंही पाण्याची वाफ निघते, शिवाय बंद खोलीत गुदमरायची भीती. इस्त्री केलेला कपडा गरम असताना कपाटात ठेवू नका, दहा-पंधरा मिनिटं दोरीवर निवू द्या.

तीन-चारशे रुपयांत दमटपणा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, ते घ्याच. स्वस्तातलं खोटं बोलतं, म्हणून तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं वाळूसारखं ओलं करा, मीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवलं तर पुढं कायम पाच मिळवून वाचायचं (मिठाचा दुसरा उपयोग सापडला बघा). कपाटात ६० च्या खाली ठेवायचं हे टार्गेट. जुलैत बाहेरच ८० च्या वर असतं, त्यामुळं भर पावसात हवा खेळावी म्हणून दारं-खिडक्या सताड उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. उघडीप पडली की उघडा, झड लागली की लावा, एवढं सोपं आहे.

सिलिका जेलच्या बुटाच्या खोक्यातल्या पुड्या मोठ्या कपाटात टाकून काही होत नाही. सिलिका आपल्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी धरते, म्हणजे दोन ग्रॅमची पुडी अर्धा-पाऊण ग्रॅम, आणि किंचित ओलसर जीन्समध्ये ५०-६० ग्रॅम पाणी सहज असतं. सिलिका लहान बंद डब्यासाठी, कागदपत्रं, लेन्स, दागिन्यांचे बटवे. नारिंगी दाणे घ्या, हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तास-दोन तास तापवून परत वापरा. मोठ्या कपाटाला कॅल्शियम क्लोराइडचे डबे, हवेतलं पाणी ओढून खाली साठवतात. ते तळाला सरळ ठेवायचे, पाणी भरलं की ओतायचं, आणि ते खारट पाणी कातड्यावर, लोखंडावर, साडीवर सांडू द्यायचं नाही. दार नीट लागत नसेल तर मात्र ते डबे अख्ख्या कोल्हापूरची हवा वाळवत बसतात. एसी असेल तर ड्राय मोड तास-दोन तास. कपाटात बल्ब लावायची जुनी आयडिया तत्त्वाला बरोबर आहे, हवा गरम झाली की तिचा दमटपणा घटतो, पण बल्ब कापडाला टेकला तर आग, आणि एलईडी फारसा तापत नाही. नकोच.

सुटं कपाट असेल तर भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढा, खाली लाकडी ठोकळे द्या, आणि पश्चिमेची भिंत सोडून आतल्या भिंतीला लावा. गच्च भरू नका, हात सहज आत गेला पाहिजे.

आमच्या भिंतीतल्या कपाटाचं शेवटी काय झालं म्हणाल तर बाहेरनं वॉटरप्रूफिंग केलं, कुंड्या हलवल्या, सगळं केलं, तरी मीटर जुलैत ७० च्या खाली येईना. मग साड्या आतल्या खोलीत हलवल्या आणि त्या कपाटात आता स्टीलचे हंडे, घागरी आणि बादल्या ठेवतो. परवा उघडलं तर कोपऱ्यात दोन डांबर गोळ्या. काढल्या, भांडी धुतली, आत्तींना काही बोलले नाही.